देवीकडे पाठ करून

विहीणबाईंचा रुसवा नको म्हणून मी एकदा शे-दोनशे बायकांचा जीव टांगणीला लावला होता. तेव्हा मी जेमतेम पन्नाशीची होते, म्हणजे अक्कल यायला बराच अवकाश होता. डोक्यावर स्वयंसेवकाची टोपी, गळ्यात शिट्टी आणि ओळखपत्र असा माझा थाट. त्या ओळखपत्रावरचा फोटो बघून नातवंडं अजून विचारतात, "आज्जी, तुला पोलिसांनी कशापायी धरलं होतं गं?"

फोटोचं राहू दे. मला सांगायचंय ते अण्णांबद्दल. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं.

अण्णा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. पण आमच्या खानापूर रस्त्यावरच्या गावांना ते माहीत होते लक्ष्मीच्या यात्रेमुळे. ही यात्रा काही दरवर्षी नसते. बऱ्याच वर्षांनी एकदा येते, आणि आली की सासरी गेलेली प्रत्येक लेक, तिची सासू, सासूच्या जावा, सगळं गोत ओटी भरायला लोटतं. एखाद्या गावची यात्रा ठरली की अण्णा रजा काढायचे आणि त्या गावच्या शाळेच्या पटांगणात आम्हा बायकांना गर्दी शिकवायला यायचे. एक पैसा घ्यायचे नाहीत. चहासुद्धा घरून थर्मासमधून आणायचे.

त्यांची एक तऱ्हा सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायची. देवी रथातून उतरून मांडवातल्या गदगेवर, म्हणजे उंच चौथऱ्यावर बसली, भंडारा उधळला, लोकांनी हात जोडले, की हे गृहस्थ देवीकडे पाठ करून उभे. म्हाताऱ्या खवळायच्या, "काय रं, देवीला पाठ दावतोस व्हय?" अण्णा मान न वळवता सांगायचे, "देवीला बगणारी लई हाईत, आज्जी. बगाय आल्याल्यांस्नी कोन तरी बगाय नको?"

शिकवताना ते पुस्तकी काही बोलत नसत. "ओटीचं तबक आडवं धरता येतंय तवर गर्दी बरी. बायका तबक छातीशी उभं धराय लागल्या की दोर खाली. मग मागनं कोन बी येऊ दे, सोडायचं न्हाय." 'पळा' हा शब्द तोंडातून काढायला बंदी होती. मराठीत 'थांबा', कानडीत 'निल्री', दोन्ही हसऱ्या तोंडानं. आणि मांडवाच्या बाजूनं एक वाट मोकळी ठेवायची. "ही वाट आजाऱ्याची. कुणी चक्कर येऊन पडलं तर भायेर काडायची. हितनं आमदार बी जायाचा न्हाय."

आमच्या गावच्या यात्रेत त्या वाटेवरचा दोर अण्णांनी माझ्या हातात दिला. मी अशी फुगले, की गदगेवर देवी नसून मीच बसलेय!

दुपारी ऊन डोक्यावर असताना बोरगावच्या विहीणबाई आल्या. माझ्या लेकीचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. नवी इरकल, सोबत चार जावा, आणि कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलेलं. रांगेचं शेपूट बघून त्या माझ्याकडे वळल्या. "इहीणबाई, तुमच्या गावात आमी बी उनातच हुबं ऱ्हायाचं व्हय? ऱ्हातो की. घरी गेल्यावर सुनंला सांगतो, तुज्या आईनं लई मान केला म्हणून."

लेकीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. मी इकडेतिकडे बघितलं आणि दोर उचलला. फक्त पाचजणींपुरता.

पाचवीच्या मागून सहावी वाकून आत शिरली. "थांबा की वो," म्हणेपर्यंत कोणीतरी ओरडलं, "त्यास्नी सोडलं, आमी काय पाप केलंय?" आणि दोर माझ्या हातातून ओढलाच गेला. बघता बघता वाट भरली. तेवढ्यात मांडवातून हाक आली, "बाई पडली! वाट द्या!" द्यायची कुठून? वाटेत माझी विहीण होती आणि तिच्यामागे अख्खा तालुका.

मी शिट्टी तोंडात धरली, पण घशाला अशी कोरड पडली होती की नुसती हवा निघाली. समोर एकेक तबक उभं होऊ लागलं. बायकांचा कलकलाट थांबला. ढोल-ताशांच्या वाजपातूनही धापांचा आवाज यायला लागला आणि मध्येच बांगड्या फुटल्याचा.

अण्णा धावले नाहीत. त्यांनी आधी हात वर करून वाजप थांबवलं. मग मांडवाला वळसा घालून थेट गर्दीच्या मागच्या टोकाला गेले. तिथून त्यांचा तो शांत आवाज आला, "मागच्या आक्कांनू, निल्री. आता मागं या. तुमी हललासा तरच फुडच्यास्नी श्वास मिळंल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आक्का, तुमी माज्याकडं या. एकेकीचा हात धरा आन भायेर काडा. मागनं सुरू करा. इहिणीकडं बगू नगासा."

विहीणबाई मला हाका मारत होत्या आणि मी परक्या बायकांचे हात ओढत होते. सगळ्यात शेवटी विहीणबाई निघाल्या, इरकल फाटलेली, मनगटावर रक्त. त्यांच्यामागून चौघांनी त्या पडलेल्या बाईला उचलून आणलं. पाणी शिंपडलं, साखरपाणी पाजलं, तेव्हा कुठे तिनं डोळे उघडले.

अण्णांनी खाली पडलेला दोर उचलून दुसरीच्या हातात दिला आणि मला पाणी वाटायला धाडलं. संध्याकाळी मी फुरंगटून टोपी परत द्यायला गेले. ते म्हणाले, "टोपी ऱ्हाऊ दे. तुमी वाईट न्हाईसा, भिडस्त हाईसा. दोर धरल्यावर भीड धरता येत न्हाय. ती मोडाय वेळ लागतोय. शिकणार काय?"

मग गावोगावच्या यात्रांना ते मला नेऊ लागले. मी दोराला उभी राहिले की माझी परीक्षा बघायला कोणाला ना कोणाला धाडायचे. कधी माझा भाऊ, कधी जावई. एकदा तर विहीणबाईंनाच पटवलं होतं. पण त्या लांबूनच म्हणाल्या, "मी न्हाय बाई त्या वाटंनं जायाची!"

पुढं आमच्या गावची यात्रा पुन्हा आली. अण्णा आता निवृत्त झाले होते, गुडघे धरले होते. मी त्याच दोराला होते. सकाळी ते आपल्या बायकोला, आमच्या वहिनींना घेऊन, ओटीचं तबक हातात धरून माझ्यापुढे उभे राहिले. पाय थरथरत होते.

"अण्णा," मी म्हणाले, "चक्कर येतीया काय?"

"न्हाय."

"मग ही वाट आजाऱ्याची. रांग तिकडं हाय."

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. अण्णा मात्र वळले आणि लंगडत रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघत बसता येईना. माझ्यासमोर माणसं होती, देवी पाठीमागे.

उन्हं चढल्यावर कोणीतरी माझ्या शेजारी येऊन उभं राहिलं. अण्णा होते. कपाळभर भंडारा. माझ्यासारखेच गर्दीकडे बघत ते हळूच म्हणाले, "आक्का, आपली देवी लई देखणी हाय वो. एवढ्या यात्रा झाल्या, कुणी सांगितलं न्हाय मला."