सोयाबीनची उसळ आणि माझी संभाव्यता

संख्याशास्त्रात मी एकदा नापास झाले होते आणि दुसऱ्यांदा होण्याची तयारी उत्तम चालू होती.

वाशीमच्या कॉलेजातल्या सरांनी शेवटची संधी म्हणून प्रकल्प दिला. "घरी जे असेल त्याचं सॅम्पल घे, संभाव्यता काढ आणि सोमवारी तोंडी परीक्षेला ये. एवढं ध्यानात ठेव, संभाव्यता शून्य ते एकच्या आतच असते. बाहेर गेली तर तूही बाहेर." त्या दिवसापासून मला जेवण जात नव्हतं. (नंतर जेवण फारच महत्त्वाचं ठरलं, पण ते पुढे.)

मेडशीला आमच्या घरी पेरणीआधी बाबा घरच्या सोयाबीनची उगवण तपासतात. पोत्यांतून मूठ-मूठ काढायची, शंभर दाणे मोजायचे, ओल्या बारदान्यात, म्हणजे गोणपाटात गुंडाळायचे आणि चार-पाच दिवसांनी किती उगवले ते बघायचं. मला आयता प्रकल्प मिळाला.

"बाबा, मुठीनं घेतलेलं सॅम्पल चालत न्हाई. सर म्हणतात, कोणता दाणा येईन हे आपल्या हाती नसलं पायजे."

"मंग औंदा तूच कर," बाबा म्हणाले. "तू म्हणशीन तर हेच बी पेरतो."

झालं! आता माझ्या पास-नापासावर सगळं वावर येऊन बसलं. मी घाबरून दिवसभर डोळे मिटून पोत्यांतून एकेक दाणा उचलत बसले. आबा, म्हणजे माझे आजोबा, दारातून म्हणाले, "पोरगी डोये मिटून काय करून राह्यली? परीक्षेचा लयच धसका घेतला वाटते."

बारदाना मला कळकट वाटला. म्हणून दाणे आईच्या धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधले आणि स्टीलच्या डब्यात घालून स्वयंपाकघरात ठेवले. आई मैत्रिणीकडच्या लग्नाला गेली होती. तिच्या जागी आमचं जेवण सांभाळायला मंगरूळपीरहून मावशी आली होती. मावशी शहरातली, मोबाईलवर पौष्टिक पदार्थ बघणारी. तिला मी काही सांगितलं नाही. कायले सांगायचं, डब्याला तर झाकण होतं.

रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो. मी दोन घास खाल्ले आणि विचारलं, "मावशी, कायची उसळ हाय वं?"

"सोयाबीनची. तुह्या मायनं किती छान मोड आणून ठेवले होते!"

माझ्या हातातला घास ताटात पडला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे.

"कोणी गिळू नका!" बाबा ओरडले. आबांनी घाबरून तोंडातलं तेवढं गिळून टाकलं.

"न उगवलेले दाणे कुठी हायेत?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

"ते कडक होते. कोंबड्याईले टाकले."

अंगणात कोंबड्या तृप्त होऊन फिरत होत्या. तोंडी परीक्षा उद्यावर आली होती. मग मी आयुष्यात पहिल्यांदा सरासरी मनापासून वापरली. चार ताटांतले आणि कढईतले दाणे मोजले. एका घासात साधारण किती दाणे येतात ते काढलं आणि प्रत्येकाला विचारलं, किती घास पोटात गेले?

बाबा म्हणाले दोन. मावशीनं अजून तोंडही लावलं नव्हतं. आबा मात्र विचारात पडले. सुनेची बहीण समोर उभी, तिनं एवढ्या हौशीनं केलेलं. कमी सांगावं तर बरं दिसत नाही.

"धा-बारा तरी झाले असतीन," आबा म्हणाले. "लय गोड झाली होती बाई."

मावशी लाजली. मी बेरीज केली. पुन्हा केली. शंभर दाण्यांपैकी एकशे अठरा उगवले होते.

"हे बी आपलंच हाय ना?" बाबांनी हळूच विचारलं.

"मंग कायची काळजी?" मावशी म्हणाली. "ठेवले त्यापेक्षा जास्त उगवले!"

बाबा उठले आणि बारदाना ओला करायला गेले. त्यांच्या चाचणीला चार-पाच दिवस लागणार होते. माझ्याकडे एक रात्रच होती. खोटा आकडा टाकायची हिंमत झाली नाही. सर पोरांच्या तोंडाकडे बघून खोटं ओळखतात, आणि माझं तोंड तर खरं बोलतानाही चोरासारखं दिसतं.

सोमवारी सरांनी माझं उत्तर वाचलं. चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

"एक पूर्णांक अठरा शतांश?"

"हो सर."

"सॅम्पल कुठे आहे?"

"आम्ही जेवलो, सर."

सरांनी माझा कागद टेबलावर पालथा ठेवला. मग शांतपणे म्हणाले, "एक सोपा प्रश्न विचारतो. याही वेळी तू नापास होण्याची संभाव्यता किती?"

 त्या पूर्ण सेमिस्टरमध्ये मला खात्रीनं येणारा हा पहिलाच प्रश्न होता.

"एकच्या वरच असेल, सर."