कव्हरखालचं मशीन

भार्गवी टिल्लूचा राग उज्जैनच्या माधव नगरात सगळ्यांना ठाऊक आहे. कोपऱ्यावरचा भाजीवाला तिला टोमॅटो देताना काटा न मागताच दोनदा दाखवतो. पण पोरीचा राग उगाच नसतो हो, आणि बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षी तर तिला असं कारण मिळालं की कुणाही शहाण्या माणसाचं डोकं फिरावं.

वडील बँकेत, आई शोभाताई शाळेत शिक्षिका. मुलीनं फार्मसीला नाव घातल्यापासून येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा एकच विचारायचा, "मग काय, मेडिकल टाकणार का?" भार्गवी म्हणायची, "गोळ्या विकायच्या नाहीत मला, तपासायच्या आहेत." पाहुणे चहा पिऊन कुणाच्या तरी लग्नाचा विषय काढायचे.

तपासायच्या म्हणजे काय, तर गोळी पोटात गेल्यावर किती वेळात विरघळते ते बघायचं. त्यासाठी एक मशीन असतं, डिझोल्यूशनचं. काचेची सहा भांडी, त्यात अंगाइतकं कोमट पाणी, वरून फिरणाऱ्या दांड्या. गोळी टाकायची, ठराविक वेळानं पाणी काढून बघायचं, औषध किती उतरलं. लवकर विरघळली तरी घात, नाही विरघळली तरी घात. चार वर्षांत भार्गवीचा जीव कशावर जडला असेल तर ह्या मशीनवर.

आणि कॉलेजात ते होतंही. नानाखेड्याच्या पुढे, हायवेला लागून असलेलं ते खाजगी कॉलेज. लॅबच्या कोपऱ्यात मशीन निळ्या कव्हरखाली झाकलेलं. इन्स्पेक्शनवाले आले की कव्हर निघायचं, हार घालायचा असल्यासारखं पुसलं जायचं, ते गेले की परत झाकण. मुलांनी काय करायचं? मागच्या वर्षीच्या मुलांची जर्नलं आणायची आणि त्यातली रीडिंग उतरवायची. त्यांनी त्यांच्या आधीच्यांची उतरवलेली. म्हणजे कुठल्या काळात कुठली गोळी विरघळली होती देव जाणे, तीच दर वर्षी विरघळत होती!

भार्गवी दर सेमिस्टरला विभागप्रमुख चौरसिया सरांकडे जायची. "सर, मशीन कधी चालवायचं?"

"एक्झाम में चलेगी बेटा, एक्झाम में."

ती थांबली. मशीनचं माहितीपुस्तक पाठ केलं. मधल्या काळात पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात मुलाखत झाली. तपासणी विभागाच्या साहेबांनी विचारलं, "डिझोल्यूशन चलाया है?" ही म्हणाली, "नहीं सर. फायनल प्रॅक्टिकलला चालवणार आहे." साहेब हसले, पण त्यांना ते आवडलं असावं. जागा तिला मिळाली, अट एकच, पास होऊन ये. तिच्याच वर्गातला रुचिर "हो सर, कितीदा तरी" असं ठोकून आला होता. त्याला वेटिंगवर ठेवलं.

परीक्षेच्या दिवशी चिठ्ठ्या उचलायच्या होत्या. भार्गवीच्या चिठ्ठीत डिझोल्यूशन निघालं. पोरगी अशी खूश झाली की विचारू नका. ॲप्रनची बटणं लावते तोच चौरसिया सरांनी बाहेर बोलावलं. बाहेरगावचे परीक्षक, डॉ. दुबे, त्यांच्या गाडीतून उतरत होते.

"बेटा, सर को रामघाट पे पिताजी का तर्पण कराना है. तुम्हारे घर के गुरुजी वहीं बैठते हैं ना? ज़रा ले जाओ."

"सर, माझी परीक्षा आहे आत्ता!"

"अरे, लौट के कर लेना. मैं हूँ ना."

रुचिरनं मागून हळूच ढोसलं. "जा ना यार. घाटावर चक्कर मारायची आणि चाळीसपैकी अडतीस घ्यायचे. तुझा पेपर मी भरतो."

"भरून तर बघ, हात मोडीन," ती म्हणाली. पण गेली. काय करणार? मार्क ज्याच्या हातात त्याच्या तोंडाला कोण लागणार.

घाटावर अभिजीतगुरुजींनी आसन मांडलं. दुबे सर पँट-शर्ट उतरवून धोतर नेसून बसले. दर्भ, काळे तीळ, पाण्याचा तांब्या, सगळं पुढ्यात. गुरुजींनी घड्याळ बघितलं तसे दुबे सर म्हणाले, "पंडितजी, जल्दी मत करना. विधि पूरी होनी चाहिए. कोई शॉर्टकट नहीं."

भार्गवी पायरीवर बसली होती. तिच्या कानात ते शब्द तापलेल्या तेलासारखे पडले. शॉर्टकट नहीं! तिकडे एकोणसाठ पोरं जुनी रीडिंग उतरवतायत, कुणी बघायला नाही, आणि इथं तिळाचा दाणा इकडचा तिकडे होता कामा नये. ती उठली, खाली नदीपर्यंत गेली, परत आली. तर्पण चालूच होतं.

परतीच्या वाटेला गाडीत तिला राहवलं नाही. "सर, एक पूछूँ? पिताजी के लिए विधि पूरी चाहिए. मग लॅबमध्ये का नाही? तिथं तर जिवंत माणसांच्या गोळ्यांचा प्रश्न आहे."

ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. दुबे सरांनी कपाळावरचं गंध रुमालानं पुसलं. मग म्हणाले, "ठीक है. तुम्हारा प्रैक्टिकल मैं खुद देखूँगा."

लॅब आवरत आली होती. टेबलावर भार्गवीच्या नावाचा पेपर भरून तयार होता, रुचिरच्या अक्षरात, सगळी रीडिंग सुरेख. तिनं तो बाजूला सरकवला आणि कव्हर ओढून काढलं. चौरसिया सर धावत आले, "अरे अरे, बेटा, अब रहने दो." दुबे सर म्हणाले, "करने दीजिए."

भांड्यांत पाणी भरलं. बटण दाबलं. हिरवा आकडा लागला. दांड्या मात्र ढिम्म. पुन्हा दाबलं, वायर बघितली, दुसऱ्या सॉकेटला लावली. एक दांडी हलेल तर शपथ. मशीन बंद होतं. आज नव्हे, कधीचंच. चार वर्षं ही पोरगी ज्याची वाट बघत होती ते निळ्या कव्हरखाली मेलेलं पडलं होतं, आणि त्याच्यावर दर वर्षी मुलं पास होत होती.

"सर, हे चालतच नाही!" ती ओरडली. "तुम्हाला माहीत होतं!"

चौरसिया सर कव्हर उचलून घडी घालायला लागले. दुबे सर हळू आवाजात म्हणाले, "बेटा, हमारे यहाँ भी यही हाल है. कॉपी में रीडिंग लिख दो, बात खत्म."

"कशाची रीडिंग लिहू? कुठल्या गोळीची?"

तिनं कोरा पेपर मागून घेतला. त्यावर लिहिलं, मशीन बंद आहे, प्रयोग झाला नाही. खाली सही केली. "फेल हो जाओगी," चौरसिया सर म्हणाले. "झाले तर झाले," म्हणून तिनं तो दुबे सरांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग त्यांनीही सही केली, कारण रिकाम्या प्रयोगाला मार्क द्यायची सोय नव्हती.

साठातली एकटी भार्गवी नापास झाली. शोभाताईंनी डोक्याला हात लावला. "सगळी दुनिया लिहिते गं! तुलाच काय शिंगं फुटली होती?" ती दार आपटून आत गेली. पीथमपूरची जागा वेटिंगवरच्या रुचिरला मिळाली. तो पेढे घेऊन आला तेव्हा तिनं पेढा घेतला, खाल्ला, आणि "अभिनंदन" इतकंच म्हणाली. तेवढं म्हणायला तिला किती जोर लावावा लागला ते आईलाच कळलं.

नोकरी लागून आठवडा झाला नसेल, दुपारी रुचिरचा फोन. आवाज अगदी दबका.

"भार्गवी, ओरडू नको हां. हे डिझोल्यूशन चालू कुठून करायचं?"

"मला विचारतोस? मी नापास आहे."

"तू पुस्तक पाठ केलं होतंस ना, सांग ना यार."

"पाठ केलंय, चालवलं नाही! फरक कळतो का तुला? जा आणि साहेबांना सांग, मला येत नाही."

"वेड लागलंय का? काढून टाकतील." तो जरा थांबला. "जाऊ दे, मी बघतो. मागच्या बॅचच्या गोळ्यांची रीडिंग आहेत इथं." आणि फोन कट.

तिनं परत लावला. तो उचलेना. परत लावला. मग तिनं आपली मुलाखत घेणाऱ्या साहेबांचा नंबर शोधायला घेतला. शोभाताई बघत होत्या. "भार्गवी, अगं मित्र आहे तुझा. त्याची नोकरी जाईल."

"आई, ती गोळी कुणीतरी खाणार आहे."

पलीकडे साहेबांनी फोन उचलला. भार्गवीचा राग अजून उतरला नव्हता, पण शब्द एकेक सुटा आला.

"सर, मैं भार्गवी टिल्लू, उज्जैन से. रुचिर को आज मशीन पे अकेला मत छोड़िए, पास खड़े होकर सिखाइए. उसको नहीं आता. मुझे भी नहीं आता. हममें से किसी को सिखाया ही नहीं."