पहिल्या वेचणीचा कापूस

तीन दिवसांची सायकल शर्यत होती. जळगाव ते पाचोरा, पाचोरा ते धुळे आणि शेवटी धुळे ते जळगाव. दोन दिवसांच्या एकूण वेळेत आमचा नाना पुढे होता, म्हणून त्याच्या दंडाला लाल पट्टा बांधलेला. नाना कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होता. यापूर्वी दोनदा त्याची आघाडी शेवटच्या दिवशी गेली होती. आम्ही बाकीचे तिघे त्याचे साथीदार. आमचं काम एकच, वारा अंगावर घ्यायचा आणि नानाला मागे सुखरूप ठेवायचं. शिवाय एक नियम होता. चौघांपैकी एक जरी शेवटच्या दिवशी दिवस मावळायच्या आत जळगावला मेहरूणच्या तळ्याकाठी पोचला नाही, तर आघाडीवर असलेल्याचाही वेळ धरला जाणार नव्हता.

मला हे सगळं आधी पटत नसे. मी तेव्हा वीस वर्षांचा. चळवळीची पत्रकं वाचून वाढलेला आणि रात्री ती भिंतींवर चिकटवून आलेला. एकाच्या पट्ट्यासाठी तिघांनी का राबायचं, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

नाना म्हणाला, "अंगात खादी, बुडाखाली विलायती सायकल. आधी तिला जाब विचार, मग मला."

सगळे हसले. मीही हसलो, पण उशिरा.

धुळ्याहून सकाळी सातला निघायचं होतं. एका रावसाहेबांना खेळाडूंच्या शिस्तीवर बोलायचं होतं, आणि ते स्वतःच अडीच तास उशिरा आले. निघायला दहा वाजले. पारोळा मागे टाकलं तोवर सगळं बेतात होतं. भुसावळचे चौघे आमच्या मागे चिकटून होते, पण आम्ही आळीपाळीने पुढे राहून वेग सोडला नाही. त्या तासाभरात मला पहिल्यांदा त्या कामाची गोडी लागली. मागून नानाच्या साखळीचा एकसारखा आवाज येत होता, आणि तो येतोय तोवर आपलं बरं चाललंय, असं वाटत होतं.

एरंडोलच्या अलीकडे तो आवाज थांबला. बाभळीचा काटा नव्हे, अख्खी फांदीच नानाच्या पुढच्या चाकाखाली आली होती. ट्यूब वीतभर फाटली. ठिगळ लागण्यासारखं काही उरलं नव्हतं. भुसावळकर शेजारून निघून गेले.

मी माझं पुढचं चाक काढून नानासमोर धरलं.

"आणि तू?"

"मी येतो. दिवस मावळायच्या आत."

"कशावर? भाषणावर?"

"जा नाना. पट्टा तुझ्या एकट्याचा नाही, आमचाही आहे."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, चाक बसवलं, आणि तिघे गेले.

फाटकं चाक माझ्या सायकलला लावून मी बाजूच्या शेतात शिरलो. कपाशी फुटून पांढरी झाली होती. टायरमध्ये कापूस ठासायचा, एवढं डोक्यात पक्कं होतं. पहिल्या बोंडाला हात घातला आणि बांधावरून आवाज आला.

"ओ भाऊ, बोंडले हात लावू नको."

एक म्हातारे आबा उठून आले. वेचणी सुरू करायच्या आधी शेतात दही-भाताचा नैवेद्य दाखवायचा, तोवर एक बोंडही तोडायचं नाही, असा त्यांच्याकडे रिवाज. सून दही घेऊन घरून निघाली होती. "जरासा बस," आबा म्हणाले.

असल्या रिवाजांविरुद्ध मी स्वतः एक पत्रक लिहिलं होतं. त्यातलं एक वाक्य ओठांवर आलंही. पण कापूस ज्याने पिकवला त्याचा, हेही त्याच पत्रकात होतं. मी बसलो. सूर्य बाभळीच्या शेंड्यावरून खाली सरकत होता आणि सून काही दिसत नव्हती. माझ्यामुळे नानाची आघाडी तिसऱ्यांदा जाणार, याशिवाय दुसरा विचार नव्हता.

अखेर ती सून, अक्का, आली. दही-भात ठेवला, हात जोडले, मलाही मूठभर दिला. मग आबांनी पहिलं बोंड स्वतः तोडून माझ्या हातावर ठेवलं.

"आते बठ्ठा ली जाय." आता सगळा ने म्हणाले.

आम्ही तिघांनी मिळून सरकीसकट कापूस टायरमध्ये कोंबला. चाक लाकडासारखं कडक झालं. दर खड्ड्याला मनगटं बधिर होत आणि टायरच्या कडेतून पांढरे पुंजके रस्त्यावर पडत. एरंडोलच्या बाजारातून जाताना एकाने विचारलं, "गादी कुठं घेऊन चाललास रे?"

तळं दिसलं तेव्हा सूर्य पाण्याला टेकायला आला होता. नाना काठावर उभा होता. भुसावळकरांना त्याने वाटेत गाठलं होतं आणि पुढे पोचून तो केव्हाचा रस्त्याकडेच बघत होता. पंचाने माझा क्रमांक लिहिला, तेव्हा कुठे तो खाली बसला. मग टायरमध्ये बोट घालून त्याने थोडा कापूस बाहेर ओढला.

"झाली एकदाची तुझी सायकल स्वदेशी," तो म्हणाला.

चार दिवसांनी आम्ही दोघे त्या शेतात गेलो. नानाने लाल पट्टा आबांच्या मनगटाला बांधला. अक्का म्हणाली, "अन् आम्हना कापूस?" मी पिशवीतून टायरमधला तो काळा, चिवट गोळा काढला. ती बराच वेळ हसत राहिली, आणि मग तिने आम्हाला वेचणीला लावलं.