सुएसानचा लाल भात

तोकुदोमे सुएला, म्हणजे सगळ्यांच्या सुएसानला, कुणी ‘नाही’ म्हटलं, की तिच्या अंगात यायचं. आमचं त्सुनोउरा गाव जपानच्या दक्षिणेला, ओसुमी द्वीपकल्पाच्या पार टोकाला. इथं बाई पुरुषांच्या आधी आंघोळ करत नाही, सभेत बसत नाही, आणि चुकून बसलीच तर तोंड उघडत नाही. सुए मात्र सहा खोल्यांची खाणावळ एकटीनं चालवायची आणि ज्याला त्याला तोंडावर सुनावायची. नवरा आरमारात गेला तो गेलाच. त्याच्या नावानं घरी अस्थींची एक पांढरी पेटी आली, आत नुसता दगड.

विद्यापीठाचे रॉकेटवाले तिच्याकडे उतरायला लागून सहा वर्षं झाली होती. देशाचा उपग्रह आकाशात सोडायचा म्हणे! आणि देशानं त्यांना दिलं काय, तर एक खटारा ट्रक आणि दरवर्षी ‘एवढ्यात भागवा’ असं पत्र. रॉकेटमधल्या दारूला थंडी सोसत नाही, पण ऊब द्यायचं यंत्र काही मंजूर झालं नव्हतं. सुएनं पाहुण्यांच्या रजया गोळा केल्या आणि डोंगरावर धाडल्या. त्या फेब्रुवारीत पाहुणे कुडकुडले आणि रॉकेट उबेत झोपलं.

तोवर तीन रॉकेटं समुद्रात पडली होती. वर्तमानपत्रांनी यथेच्छ टिंगल केली. चौथं डोंगरावर उभं होतं. पण ते उडायचं त्या दिवशी सगळ्या होड्या किनाऱ्यावर हव्यात, म्हणजे मच्छीमार संघानं दिवस द्यायला हवा. संघानं दिलेले दिवस वाऱ्यात आणि एका नादुरुस्त तारेच्या पायी वाया गेले. आता मार्च निम्मा सरला होता आणि बांगड्याचे थवे आले होते.

त्या संध्याकाळी कुसाका सेन्सेई, विद्यापीठातले गुरुजी आणि रॉकेटवाल्यांचे प्रमुख, मान खाली घालून आले.

“काय झालं, सेन्सेई?”

“कामेसाबुरोसान नाही म्हणाले.” कामेसाबुरो संघाचे अध्यक्ष. “उद्या दुपारी सभा आहे, पण नावापुरती. एकतीस तारखेला सरकारी वर्ष संपतं, सुएसान. त्याआधी उडालं नाही तर उरलेला सगळा पैसा परत घेणार आणि काम बंद. रॉकेट जाईल गोदामात.”

सुएनं हातातला मासा ओट्यावर आपटला.

“लढाईत इथूनच विमानं उडायची, सेन्सेई. रोज. मिसरूड न फुटलेली पोरं. माझ्या हातचे भाताचे गोळे शिदोरीला बांधून द्यायची मी त्यांना. एकही परत आलं नाही. तेव्हा कुणी म्हटलं नाही हो, की सरकारला परवडत नाही! आणि आता हे एक नळकांडं, त्यात कुणाचं पोर बसत नाही, पडलं तर लोखंड पडतं, तर म्हणे पैसे नाहीत. डोंबल!”

सुएनं मोठं पातेलं काढलं आणि चिकट तांदूळ लाल चवळीच्या पाण्यात भिजत घातला.

संघाच्या सभेचं जेवण नेहमी तिच्याकडूनच जायचं. दुसऱ्या दिवशी डब्यांची झाकणं उघडली तर आत लाल भात, वर तीळ आणि मीठ! म्हणजे कुणाकडे तरी लग्न, नाहीतर पाळणा. आमच्याकडे रीत अशी, की लाल भात पुढ्यात आला की आधी खायचा आणि मग कारण विचारायचं. उलट केलं तर दुसऱ्याच्या आनंदात मिठाचा खडा टाकल्यासारखं होतं. चाळीस जणांनी भात चाटूनपुसून खाल्ला.

“हां, बोला आता,” कामेसाबुरो मिशीवरून हात फिरवत म्हणाले. “अभिनंदन कुणाचं करायचं?”

“रॉकेटचं,” दारातून सुए म्हणाली. “मंगळवारी उडतंय.”

“कोण म्हणतं? आम्ही दिवस दिलेला नाही!”

“अगं बाई, द्यायचा राहिलाय होय? मला वाटलं, भात संपवलात म्हणजे दिलात.”

“सुए, ही दगाबाजी आहे!”

“आहे. मग ओकून टाका.” मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. “लाल भात खाऊन त्याच कामात मोडता घालणारा माणूस या गावात अजून जन्मला नाही, कामेसाबुरोसान. पहिला मान तुम्हाला हवा असेल तर घ्या बापडे.”

कामेसाबुरोंचा चेहरा भाताहून लाल झाला.

“एक दिवस! फक्त मंगळवार. आणि यापुढे सभेचं जेवण दुसरीकडून!”

मंगळवारी एकही होडी हलली नाही. टोकियोहून अर्थखात्याचे मिनागावा साहेब आले होते, पुढं पैसे द्यायचे की नाही याचा अहवाल लिहायला. रॉकेट उठलं, सरळ वर गेलं, गाव बेंबीच्या देठापासून ओरडलं. आणि वरचा टप्पा पेटलाच नाही. धुराची रेघ वाकडी झाली आणि समुद्रात उतरली. सुएला रडू फुटलं, अगदी हुंदके देऊन.

स्वयंपाकघरात बायका कुजबुजल्या, “सुएसान, सकाळी केलेल्या लाल भाताचं काय करायचं? झाकून ठेवूया का?”

“झाकून? पोरांनी काय चोरी केलीय? वाढा!” नाक पुसत सुए म्हणाली.

जेवायला सगळे तिच्याच मोठ्या खोलीत बसले, रॉकेटवाले, साहेब आणि दिवस बुडालेले कोळीही. साहेब सकाळपासून उपाशी, त्यांनी वाटी रिकामी केली आणि तोंड पुसलं.

“तुमची मेहनत दिसली, कुसाका सेन्सेई. पण चौथ्यांदा अपयश आलं. देशाला आणखी शंभर गरजा आहेत. मला प्रामाणिकपणे लिहावं लागेल.”

सुएनं तोंड उघडलं, पण कोपऱ्यातून कामेसाबुरोच बोलले.

“साहेब, भात कसा होता?”

“उत्तम. पण आजच्या दिवशी लाल भात कसा काय?”

“तो पाचव्या रॉकेटचा.”

“पाचव्या?”

“आमच्याकडे लाल भात खाल्ला, की त्या कामात मोडता घालता येत नाही. मीही गेल्याच आठवड्यात फसलो. आमचा दिवस आम्ही दिला, तोही बांगडा दारात आलेला असताना. पुढच्या वर्षीही देऊ. आता तुमचं तुम्ही बघा.”

मिनागावा साहेबांनी वाटीत पाहिलं. तळाला दोन शितं होती. त्यांनी मान वर केली तर चाळीस कोळी त्यांच्याकडे टक लावून बघत होते.

सुएनं त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली आणि पुन्हा काठोकाठ भरून पुढ्यात ठेवली.

“खा, साहेब,” ती म्हणाली. “टोकियो लांब आहे.”