सुटणारी गाठ बघायला वेल्ह्याला

मी सांगते, नात सुवर्णा फोनवर ऐकून लिहिते. शुद्धलेखन तिचं, आगाऊपणा माझा.

गेल्या वर्षी पाऊस सरल्यावर माझा नातू किरण वेल्ह्याच्या पुढच्या घळीत मित्रांबरोबर धबधब्यातून दोरानं उतरत होता. तिथंच दोरावर लटकून गेला. त्याची थोरली बहीण सुवर्णा आता त्याच घळीत लोकांना उतरवते. त्यांची आई, माझी सूनबाई मंगल म्हणाली, "आत्याबाई, तिला घरी घेऊनच या." म्हणून निघाले.

भोंगवलीहून कापूरहोळ, तिथून नसरापूर. पंच्याहत्तरी ओलांडली की एसटी फुकट. कंडक्टरनं आधी आधार कार्ड बघितलं, मग माझं तोंड.

"आज्जी, फोटो जुना हाय का?"

"फोटो हाय तसाच हाय. मी जुनी झाले."

नसरापूरला भजी तेलकट, चहा बरा. पुढं वडाप, माणसं कोंबून नेणारी जीप. वडापवाला वय बघत नाही, पैसे बघतो. कंबर धरत असेल तर मागच्या सीटवर बसू नका.

वेल्ह्यातून सुवर्णानं गाडीनं नेलं. शेवटी चालायचं, काठी ठेवा. घळीच्या तोंडाशी पाण्याचा आवाज एवढा, की किरणनं हाका मारल्या असतील तरी वर कुणाला ऐकू गेल्या नसतील. हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं.

"कसं झालं ते दाव," म्हटलं.

"दोर झाडाला पक्का बांधलेला, आजे. मधे त्याचा शर्ट कमरेच्या कड्यात गुतला, दोर सरकतो त्यात. डोक्यावर सगळं पाणी. वरच्यांना ओढवंना, आन् गाठीवर त्याचा भार, म्हणून ती सुटंना."

"दोर कापायचा व्हता."

"खाली खडक."

मग तिनं तिची रीत दाखवली. कातळात ठोकलेल्या दोन कड्या. त्यांना दोन डोळ्यांचं एक कडं अडकवायचं, त्यातून दोर फिरवून वेढा द्यायचा. भार असतानाही सुटेल अशी गाठ. उरलेला दोर वरच पिशवीत, अडकलेल्याला खाली सोडायला. तिचा सोबती खाली उतरता उतरता धारेत थांबला, हात वर केला. सुवर्णानं गाठ सोडून वेढा सैल केला, दोर सरकला, तो अलगद खालच्या डोहात. मी मिश्री चिमटीत घेतली होती, ती तोंडात जायच्या आत.

"एवढंच?"

"एवढंच, आजे."

मी बाजूच्या दगडावर बसले. हेल्मेट घातलेली एक पोरगी विचारत होती, "ताई, गाठ परत बघता का?" सुवर्णा परत बघायला गेली. चल घरी, हे माझ्या तोंडातून निघालं नाही.

एकटीच परतले. मंगलनं तिघींचा भात टाकला होता.

"न्हाई आणली?"

"तिची गाठ सुटती, मंगल. म्या डोळ्यानं बघितली."

वाढता वाढता तिचा हात थांबला. "मग माझ्या पोराची का न्हाई सुटली?"

दोघीही जेवलो नाही.

हे लिहायला नको, असं सुवर्णा म्हणते. लिही म्हटलं. तुम्ही उतरायला जाणार असाल तर दोर बांधणाऱ्याला आधी विचारा, मी मधेच अडकलो तर मला सोडशील कसा, दाखव. दाखवता आलं नाही तर परत फिरा. घरी कुणीतरी भात टाकलेला असतो.