चिंचेने घासलेला सम्राट

आज तांब्याला चिंच लावली आणि त्या आंबूस वासाने ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीतली जुनी दुपार आठवली. नवऱ्याचं रोमन ब्राँझचं नाणं प्रदर्शनात जायचं होतं. शतकांचा हिरवा थर हीच त्याची शान. पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी देवाच्या भांड्यांबरोबर तेही लखलखीत घासलं.

"आई, वाट लावलीस! आता प्रदर्शनात कोण घेणार?"

"किती कळकट होतं रे! बघ, आता राजा दिसतोय."

दिसत होता खरा. भोवती कोरलेल्या बिरुदांची माळ आणि मधे झिजून सपाट झालेलं नाक. तेव्हा मी हसू दाबलं होतं. आता मात्र एवढ्या ऐटीला गुळगुळीत करणाऱ्या त्या काळच्या बाजारातल्या बोटांचं कौतुक वाटतं. नाणं प्रदर्शनाला गेलंच नाही. नवरा ते खिशात ठेवतो आणि विचारात असला की त्या नाकावरून अंगठा फिरवतो.