मोबाईलची चुंबळ

गिरणीवाल्या घरात भोक असलेली वस्तू फार दिवस टिकत नाही. कुलपात पीठ जातं, घड्याळात जातं, रेडिओ होता त्यातही गेलं. माझ्या कानातही असेल. मोबाईलला खाली एक भोक असतं, तिथून तो जेवतो. ते भोक माझ्या घरात किती दिवस मोकळं राहणार होतं?

माझी गिरणी चाकूर तालुक्यातल्या एका गावात आहे, घराच्या पुढच्या खोलीतच. नवरा होता तोवर तो चालवायचा. तो गेल्यावर लोक म्हणाले, बाईमाणसाला पट्टा चढवणं जमायचं नाही. जमलं. ज्वारी, गहू, डाळ सगळं दळते, फक्त मिरची दळत नाही. मिरचीनंतर ज्याची ज्वारी येते त्याच्या भाकरीला ठसका लागतो आणि तो येऊन माझ्याशी भांडतो. मुलाचं लातूरला खताचं दुकान आहे, मुलगी नांदेडला दिली आहे. दोघांचं बरं चाललं आहे. माझंही बरं चाललं होतं, मोबाईल मरायला लागला तोपर्यंत.

मोबाईल जावयाचा जुना होता. त्यानं नवा घेतला आणि हा माझ्याकडं आला. जुना असला तरी भारीतला. आधी वायर लावली की चार्ज व्हायचा. मग वायर जरा हलवून व्हायला लागला. मग वायर वाकडी करून, वर वीट ठेवून. अहमदपूरला बसस्टँडजवळ एक मोबाईलवाला आहे, त्याच्याकडं नेला. त्यानं सुई घालून भोकातलं पीठ उकरलं आणि कागदावर काढून मला दाखवलं.

"आजी, ह्यात भाकरी थापायची व्हती का?"

"तू पाणी घालून बघ, थापून देते."

त्यानं भोक बदललं. काही दिवसांनी पुन्हा पीठ, पुन्हा बदललं. त्यानंतर गेले तेव्हा त्यानं हात जोडले. आतलं सामान खराब झालं आहे, आता कुठलीच वायर चालणार नाही, म्हणाला.

त्याच दिवसांत एकदा मुलगा सकाळपासून मला फोन लावत होता. माझा बंद. शेजारी माझी धाकटी जाऊ राहते, त्यानं तिला लावला. ती भोकरला लग्नाला गेली होती आणि मंडपात बँड वाजत होता, तिला कुठलं ऐकू येतंय. दुपारी मुलगा गाडी घेऊन दारात उभा. मी कुणाचे तरी गहू चाळत होते.

"माय, फोन का उचलीना गेलीस?"

"मेलाय तो."

"मला वाटलं तूच…"

"मी न्हाई. तो."

त्याला हसू आलं नाही. पाणी दिलं तर घेतलं नाही. पोत्यावर बसला आणि बोलला, "रोज दुकानात बसून मी हेच करून राहिलो. लावतो, बंद. लावतो, बंद. गिऱ्हाईक समोर उभं अन् माझा जीव हिकडं. आता पुन्हा एकदा बंद लागला की गिरणी विकायची अन् लातूरला यायचं. खोली रिकामीच हाय."

"तिथं काय करू?"

"आराम कर."

त्याच्या घरी मी एकदा राहून आले आहे. खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. सून चांगली आहे, इतकी चांगली की कपबशीही उचलू देत नाही. मी सोफ्यावर बसून टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिराती पाठ केल्या. बसून राहिले तर मी खाटेला लागेन, हे मला माहीत होतं. त्याला ते सांगून पटलं नसतं. म्हणून दुसरं सांगितलं.

"बरं. पण आठ दिवस दे मला. त्यानंतर बंद लागला न्हाई तर हा विषय तू पुन्हा काढायचा न्हाईस."

"न्हाई काढत."

तो गेला. दुसऱ्या दिवशी जाऊ लग्नाहून परतली, तेव्हा मी तिच्या फोनवरून मुलीला नांदेडला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माय, तो मोबाईल बिनवायरीचाबी चार्ज होतो. नुसता तबकडीवर ठेवायचा."

"मग आधी का सांगितलं न्हाईस?"

"तू इचारलं न्हाईस."

माझीच मुलगी आहे, दुसरं काय बोलणार.

रविवारी ती तबकडी घेऊन आली. काळी, पुरीएवढी. तिला मागून वायर, ती वायर चार्जरच्या ठोकळ्यात, ठोकळा बोर्डात. तबकडीवर मोबाईल पाठीवर निजवला की झालं. मेलेला मोबाईल उजळला आणि पडद्यावर अक्षरं आली. मुलीनं तो आधीच मराठीत करून दिलेला आहे. मी वाचलं, 'वायरलेस चार्जिंग'. भोकाची गरजच संपली. मुलगी संध्याकाळच्या गाडीनं परत गेली आणि मी त्या दिवशी मनात म्हटलं, जिंकले.

ते लवकर म्हटलं. आमच्याकडं लाईट येते आणि जाते. असते तेवढ्यात दळण उरकावं लागतं आणि मोबाईलही तेवढ्यातच भरावा लागतो. हा भरायचा म्हाताऱ्या म्हशीच्या चालीनं. लाईट जायच्या वेळेला चतकोर झालेला असायचा. तेवढ्यावर तो दुसऱ्या दिवशीपर्यंत कसाबसा तग धरायचा. मुलाचा फोन आला की मी "हाय मी, बरी हाय" एवढंच बोलून ठेवत होते, चार्ज वाचावा म्हणून. त्याला वाटायचं मी रागावले आहे.

मुलीला विचारलं. ती म्हणाली, "अक्षरं काय येतात, नीट वाच."

"वायरलेस चार्जिंग."

"त्याच्या आधी 'जलद' लिवलंय का?"

"न्हाई."

"मग ठोकळा बदल. तुझा ठोकळा जुना हाय, त्याच्यात जोर न्हाई."

मी चौथीपर्यंत शिकले आहे. वाचायला वेळ लागतो, पण वाचलेलं चुकत नाही. आता मला सगळ्या जगात एकच शब्द वाचायचा होता.

तबकडी आणि मोबाईल पिशवीत घालून मी अहमदपूरला त्याच दुकानात गेले. म्हटलं, "जोराचा ठोकळा दे. पैसे शब्द दिसल्यावर."

"कोणता शब्द?"

"जलद."

"आजी, कंपनीचा माल हाय, दिसणारच."

"कंपनी तुझी आत्या लागते का? लावून दाखव."

त्यानं ठोकळा लावला, मोबाईलचं कव्हर काढलं, तबकडीवर ठेवला. 'जलद वायरलेस चार्जिंग'. मी बोट ठेवून दोनदा वाचलं, पैसे दिले आणि गाडी धरली.

घरी येऊन लावला तर जलद गायब. मी दुकानदाराला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. त्या वाया गेल्या. मग गिरणी बिघडल्यावर करते तेच केलं. चालत होती तेव्हा काय होतं आणि आता काय आहे, हे बघायचं. तबकडी तीच, ठोकळा तोच, मोबाईल तोच. दुकानात कव्हर काढलेलं होतं. मी कव्हर काढलं. जलद आलं. कव्हर घातलं. गेलं.

पण कव्हराशिवाय चालणार नव्हतं. माझ्या घरात खाली शहाबादी फरशी आणि माझे हात कायम पिठाचे. बिनकव्हराचा मोबाईल पहिल्याच दिवशी फुटला असता. मी कव्हर उलटं करून बघितलं. आत पितळी पत्र्याचा महादेव चिकटवलेला होता. जावेनं चिकटवला होता, मोबाईल सांभाळील म्हणून. पत्र्याला बोट लावलं. चांगलाच तापला होता.

मी नख घालून तो सोडवायला लागले तेवढ्यात जाऊ दारात आली.

"अक्का, देवाला काढून राहिलात?"

"काढत न्हाई. जागा बदलते."

"चांगला बसला व्हता की."

"हात लावून बघ. तव्यावर बसल्यागत बसलाय."

तिनं बोट लावून बघितलं आणि झटकन मागं घेतलं. महादेव मी गिरणीच्या वरती भिंतीला चिकटवला, तिथं त्याला पीठ लागतं पण चटका लागत नाही. रिकामं कव्हर मोबाईलला घातलं आणि तबकडीवर ठेवला. जाऊ माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिला वाचता येत नाही.

"आलं का?"

"हाव."

तिनं भिंतीकडं बघून हात जोडले. "देवानंच वाट दिली बघा."

"त्याला उठवलं मी," म्हटलं, पण तिनं ते ऐकलं नाही.

एवढ्यावर संपलं असतं, पण मग मी गिरणी सुरू केली.

गिरणी चालते तेव्हा आमची भिंत थरथरते, भिंतीवरची फळी थरथरते आणि फळीवरची प्रत्येक वस्तू कडेकडं निघते. मोबाईलही निघाला. मी बघत उभी राहिले. दोन बोटं सरकला, जलद गेलं. आणखी सरकला, चार्जिंगच बंद. हा मोबाईल तबकडीच्या बरोबर मध्यावरच जेवतो, ताट जरा लांब गेलं की उपाशी राहतो.

कुणी म्हणेल, मग आतल्या खोलीत ठेवायचा. गिरणीच्या आवाजात मला फोनची घंटी ऐकू येत नाही. तो समोर असला, उजळताना दिसला, तरच मी उचलते. आतल्या खोलीत भरलेला मोबाईल ठेवून मुलाचा फोन चुकवला असता तर एवढं सगळं करून उपयोग काय?

मी मोबाईल आणि तबकडी रबरानं बांधून बघितली. रबर सरकलं. मग तबकडीभोवती कणकेचं कडं करून त्यात मोबाईल बसवला. छान बसला. कणीक वाळली, तिला भेगा पडल्या आणि मुंग्या लागल्या. जाऊ म्हणाली, "अक्का, आता ह्यो मोबाईल खाऊन टाका."

ती असं म्हणून डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन घरी निघाली. मोळीखाली चुंबळ होती. मी तिच्याकडं बघतच राहिले.

चुंबळ म्हणजे कापडाचं गोल वेटोळं, डोक्यावर ठेवायचं आणि त्यावर घागर. मी लहानपणापासून विहिरीचं पाणी वाहिलं. ते दिवस काही चांगले नव्हते, मान दुखायची आणि केस झडायचे. पण खाचखळग्याच्या वाटेनं चालताना घागर कधी हलली नाही, ती चुंबळीमुळं. डोकं हलतं, घागर हलत नाही. इथं भिंत हलत होती, एवढाच फरक.

जुन्या लुगड्याची पट्टी काढली, पीळ घातला आणि मोबाईलच्या मापाची लांबट चुंबळ शिवली. मध्ये तबकडी, वर मोबाईल, चारही बाजूंनी कापडाचा काठ. पाठीखाली मात्र कापड ठेवलं नाही, तिथं तबकडी उघडीच. खालून चुंबळ फळीला चार खिळ्यांनी ठोकून टाकली. लाईट आली. मोबाईल ठेवला. जलद. पट्टा चढवला, गिरणी सुरू केली, ज्वारी ओतली. भिंत थरथरली, फळी थरथरली, तेलाची बाटली कडेला येऊन खाली पडली. मोबाईल आपल्या जागेवर. जलद. मी दळण संपेपर्यंत त्या शब्दाकडं बघत होते. ज्वारी जरा जास्तच बारीक दळली गेली, पण जिची होती त्या बाईनं काही तक्रार केली नाही. त्या दिवशी लाईट जायच्या आधी मोबाईल गच्च भरला. मी जावेला चहाला बोलावलं आणि साखर जास्त टाकली.

मुलगा आता मुद्दाम वेळी-अवेळी फोन लावायला लागला. मी प्रत्येक वेळी उचलला.

"काय करून राहिलीस?"

"दळून राहिले. बोल."

"काही न्हाई. सहज."

असं कितीतरी दिवस चाललं. पेरणीच्या तोंडावर मला त्याला एक बियाणं विचारायचं होतं, म्हणून मी लावला. बंद. दुपारी लावला, बंद. चार वाजता लावला, बंद. मी घाबरले नाही, गर्दीचे दिवस होते. पण मोजून ठेवल्यासारखं मनात ठेवलं. दिवे लागायच्या वेळेला त्याचा फोन आला.

"माय, लई मिस्ड कॉल दिसून राहिलेत. काय झालं?"

"दिवसभर बंद व्हता तुझा."

"चार्ज संपला व्हता. दुकानात गर्दी."

"मला वाटलं तूच…"

मीच पुढं म्हटलं, "बरं मग. दुकान विक अन् गावाकडं ये. खोली रिकामीच हाय."

तो हसायला लागला, इतका की मागून सून विचारायला लागली काय झालं म्हणून. मी हसले नाही. मी आराम करायचं आमंत्रण देत होते.

पुढच्या रविवारी तो आला. आल्या आल्या पाणी मागितलं आणि मोबाईल चुंबळीत ठेवला, त्याचाही बिनवायरीचा आहे म्हणे. काही झालं नाही. त्यानं उचलून पुन्हा ठेवला. तरी काही नाही. त्याचं कव्हर चामड्याचं, जाडजूड, आत बँकेची कार्डं खोचलेली. मी गव्हाचा डबा खाली ठेवला.

"कव्हर काढ."

त्यानं काढलं. मोबाईल उजळला. त्यानं चुंबळीला हात लावून बघितला, खालचे खिळे बघितले, भिंतीवरचा महादेव बघितला. लातूरचा विषय निघाला नाही. निघताना एवढंच म्हणाला, "माय, अशी एक मला करून देतीस का? दुकानात काउंटर लई हलतंय."

"जुनं कापड पाठव. माझं लुगडं संपलं."

लाईट होती. मी पट्टा चढवला.